जलोद्यान आणि जलाशय : भोर-वेल्हे परिसरातील जलक्रीडेविषयी एक विवेचन

१. विषयाची मर्यादा

भोर आणि वेल्हे हे पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्य भागातील, सह्याद्रीच्या रांगांत वसलेले दोन तालुके होत. वेल्हे तालुक्याचे राजगड असे नामांतर आता झाले आहे. तथापि जुने नाव अद्याप लोकांच्या तोंडी असल्यामुळे प्रस्तुत लेखात तेच योजिले आहे. सुटीच्या दिवशी पुण्याहून या तालुक्यांत माणसे येतात ती मुख्यतः दोन गोष्टींसाठी : गडांसाठी आणि पाण्यासाठी. त्यांपैकी पाण्यात खेळण्याची जी सोय या परिसरात उभी राहिली, आणि जिला सामान्यतः 'वॉटर पार्क' या नावाने ओळखले जाते, तिचा विचार येथे करावयाचा आहे.

भाषेच्या अभ्यासकाने या विषयात का शिरावे, अशी शंका येणे साहजिक आहे. तिचे उत्तर असे की, 'वॉटर पार्क' या एकाच नावाखाली आपण दोन अगदी भिन्न रचनांचा उल्लेख करतो. एक रचना मनुष्याने केवळ खेळासाठी बांधलेली असते. तेथील पाण्याची खोली, गती आणि शुद्धता ही तिन्ही चालकाच्या हाती असतात. दुसरी रचना धरणाच्या साठ्यावर उभी असते. तेथील पाणी खेळासाठी साठविलेले नसते, आणि त्याची पातळी खेळाच्या चालकाला विचारून चढत-उतरत नाही. या दोहोंतील भेद नावामुळे झाकला जातो. तो झाकला गेल्याचे परिणाम केवळ शब्दकोशापुरते मर्यादित राहात नाहीत, हे पुढे दिसून येईल.

२. बांधीव जलोद्यान

जलक्रीडा ही कल्पना आपल्याकडे नवीन नव्हे. राजवाड्यातील पुष्करिणी, देवळासमोरील कुंड, नदीतील डोह ही सर्व तिची जुनी स्थाने होत. परंतु तिकीट घेऊन आत जावयाचे, घसरगुंड्यांवरून पाण्यात यावयाचे आणि संध्याकाळी बाहेर पडावयाचे, ही संस्था विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील आहे. अमेरिकेत ऑरलँडो येथे जॉर्ज मिले यांनी १९७७ साली काढलेले 'वेट अँड वाइल्ड' हे या प्रकारातील आरंभीचे उद्यान मानले जाते. महाराष्ट्रात मुंबईजवळ गोराई येथे १९९८ साली 'वॉटर किंगडम' सुरू झाले. त्यानंतर मोठ्या शहरांच्या आसपास अशी उद्याने निघत गेली. पुण्याहून पानशेतकडे जाणाऱ्या वाटेवर, सिंहगडाच्या पायथ्याच्या डोणजे परिसरात, 'कृष्णाई' या नावाचे असे एक उद्यान निघाले. ते हवेली तालुक्यात येते. पण वेल्ह्याच्या वाटेवरच असल्यामुळे येथे त्याचा निर्देश केला.

अशा उद्यानाचे कार्य कसे चालते, ते थोडक्यात पाहू. पाणी पंपाने उंच मनोऱ्यावर चढविले जाते आणि घसरगुंडीच्या माथ्यावर सोडले जाते. घसरणाऱ्या माणसाला पाणी वाहून नेते असा सर्वसाधारण समज असतो. वस्तुतः त्याला खाली आणते ते गुरुत्वाकर्षण. पाण्याचा पातळ थर शरीर व पृष्ठभाग यांमधील घर्षण कमी करतो, एवढेच त्याचे काम. घर्षण मुळीच नसते तर १० मीटर उंचीवरून खाली येणाऱ्या माणसाची गती सेकंदाला सुमारे १४ मीटर, म्हणजे ताशी ५० किलोमीटर झाली असती. प्रत्यक्षात वळणे, उतार आणि शेवटचा सपाट पाण्याचा पट्टा यांच्या योगाने ती गती बेताने कमी केली जाते. लाटांच्या तलावात भिंतीमागे बंद कप्पे असतात. त्यांत पंख्याने हवा दाबली म्हणजे कप्प्यातील पाणी खाली रेटले जाऊन तलावात उसळते, आणि हवा सोडली म्हणजे मागे येते. ही दाब-उसंत ठराविक अंतराने चालविली की लाटा उठतात.

वापरलेले पाणी टाकून दिले जात नाही. ते समतोल टाकीत येते, वाळूच्या गाळणीतून जाते, त्यात क्लोरिन मिसळले जाते आणि ते पुन्हा खेळात येते. पाण्यात मोकळे क्लोरिन दर लिटरमागे १ ते ३ मिलिग्रॅम आणि सामू ७.२ ते ७.८ यांच्या दरम्यान राखावा, असा सर्वसाधारण दंडक आहे. सामू वाढला की क्लोरिनची जंतुनाशक शक्ती घटते. म्हणून दोन्ही मापे एकत्रच पाहावी लागतात. बाष्पीभवन, उडणारे तुषार आणि गाळणी उलटी धुताना जाणारे पाणी, एवढीच भर वरून घालावी लागते.

या वर्णनातील मुख्य मुद्दा ध्यानात ठेवावा : बांधीव उद्यानातील तळ सपाट व दिसणारा असतो, खोली भिंतीवर लिहिलेली असते, आणि सायंकाळी पंप बंद केला की खेळ थांबतो. तेथे पाणी चालकाच्या आज्ञेत असते.

३. खोरी आणि धरणे

आता भोर-वेल्ह्याकडे वळू. या भागातील जुने प्रादेशिक विभाग नद्यांच्या खोऱ्यांवरून पडलेले आहेत. हिरडस मावळ, गुंजण मावळ, कानद खोरे, वेळवंड खोरे, मोसे खोरे ही नावे शिवकालीन कागदपत्रांच्या वाचकास परिचित आहेतच. 'खोरे' हा येथे भूगोलाचा आणि कारभाराचाही घटक होता. देशमुखी खोऱ्याची असे. म्हणजे पाणी कोठून येते व कोणीकडे जाते, यावरून माणूस आपला ठावठिकाणा सांगत असे.

याच खोऱ्यांच्या तोंडाशी पुढे धरणे झाली. भोरजवळ वेळवंडी नदीवर भाटघर येथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पहिले धरण झाले, आणि १९२० च्या दशकात त्याची जागा मोठ्या दगडी धरणाने घेतली. मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्यावरून त्यास लॉइड धरण म्हणत. त्याची साठवणशक्ती सुमारे २३.५ टीएमसी, म्हणजे २३.५ अब्ज घनफूट आहे. हे पाणी नीरा नदीतून वीर धरणाकडे आणि तेथून कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरस या बाजूस जाते. नीरेवरच वरच्या अंगास नीरा-देवघर, आणि वेल्ह्यात कानंदी नदीवर गुंजवणी, ही अलीकडील धरणे होत.

वेल्ह्याच्या उत्तर भागातील पाणी पुण्याकडे जाते. आंबी नदीवरील पानशेत (१०.६५ टीएमसी) आणि मोसे नदीवरील वरसगाव (१२.८२ टीएमसी) या दोन्ही जलाशयांतून पाणी खाली खडकवासल्यात सोडले जाते. खडकवासल्याची स्वतःची साठवण २ टीएमसीहून थोडी कमीच आहे. यावरून हे स्पष्ट होईल की, पुणे शहराचे पाणी खडकवासल्यातून जात असले, तरी ते साठते मुख्यतः वरच्या डोंगरातील धरणांत.

पानशेतच्या इतिहासात पातळीचा प्रश्न एकदा अत्यंत भयंकर रूपाने उपस्थित झाला. १९६१ च्या पावसाळ्यात धरणाचे मातीकाम वर आले होते. परंतु पाणी बाहेर सोडण्याची व्यवस्था पूर्ण झालेली नव्हती. जलाशयात पाणी ज्या वेगाने चढले, त्या वेगाने ते बाहेर जाऊ शकले नाही. भराव खचू लागला. जवानांनी वाळूची पोती रचून तो उंच राखण्याची शर्थ केली. १२ जुलै १९६१ रोजी सकाळी धरण फुटले, त्याच दिवशी खडकवासल्याची भिंतही गेली, आणि पुण्याचा नदीकाठचा मोठा भाग उद्ध्वस्त झाला. आजचे पानशेत धरण हे त्यानंतर नव्याने बांधलेले असून ते १९७२ साली पूर्ण झाले. आज ज्या पाण्यावर नौका फिरतात, त्या पाण्याच्या मागे हा इतिहास आहे.

४. जलाशयावरील खेळ आणि पातळीचे वर्ष

पानशेतच्या काठी नौकाविहाराची व जलक्रीडेची केंद्रे निघाली आणि 'पानशेत वॉटर पार्क' हे नाव पुणेकरांच्या बोलण्यात आले. वल्ह्याच्या होड्या, यांत्रिक नौका, पाण्यावरील स्कूटर ही येथील साधने. बांधीव उद्यानाशी याची तुलना केली असता पहिला फरक परिमाणाचा दिसतो. २५ मीटर लांब, साडेबारा मीटर रुंद आणि सरासरी १.२ मीटर खोल अशा पोहण्याच्या तलावात पावणेचार लाख लिटर पाणी मावते. १ टीएमसी म्हणजे सुमारे २,८३२ कोटी लिटर. त्या हिशेबाने पानशेतच्या पूर्ण साठ्यात असे सुमारे आठ लाख तलाव भरतील. एवढे पाणी गाळता येत नाही, त्याचा तळ दाखविता येत नाही आणि ते थांबविताही येत नाही.

दुसरा फरक अधिक महत्त्वाचा आहे. तो कालचक्राचा. पाटबंधाऱ्याचे वर्ष १ जुलैला सुरू होते. जून ते सप्टेंबर जलाशय भरतो. भरला की येणारे पाणी सांडव्यावरून सोडावे लागते. १५ ऑक्टोबरपासून फेब्रुवारीअखेर रब्बीचा हंगाम आणि १ मार्चपासून ३० जूनपर्यंत उन्हाळी हंगाम धरला जातो. या काळात किती आवर्तने, म्हणजे कालव्याला पाणी सोडण्याच्या किती पाळ्या, द्यावयाच्या, याचा विचार कालवा सल्लागार समितीत होतो. शहराचे पिण्याचे पाणी, दौंड-इंदापूरचे ऊस-ज्वारीचे रान, बाष्पीभवन या साऱ्यांचा मेळ घालून पाणी खाली जाते, आणि त्याप्रमाणे वर वेल्ह्यात काठ मागे सरकतो.

याचा नौकाकेंद्रावर होणारा परिणाम असा. ऑक्टोबरात पाण्याच्या कडेला बांधलेला पक्का धक्का मे महिन्यात कोरड्या उतारावर उभा राहील. म्हणून धक्का तरंगता असावा लागतो, त्याचे दोर सैल सोडण्याजोगे असावे लागतात, आणि काठ जसजसा हटेल तसतशी उतरण्याची वाट बदलावी लागते. उघडा पडलेला उतार गाळाने निसरडा असतो. पाण्याखाली जुनी शेते, बांध, विहिरी, झाडांचे बुंधे आणि घरांचे चौथरे असतात; पातळी उतरली की ते पृष्ठभागाच्या जवळ येतात आणि नौकेला धोका उत्पन्न करतात. दुपारनंतर खोऱ्यातून वारा वाहू लागला की लांब, मोकळ्या पाण्यावर लाटा उठतात. अंगात तरणजाकीट असल्याशिवाय कोणासही नौकेत घेऊ नये, हा नियम अशा ठिकाणी उपचार नसून प्राणरक्षणाची अट होय.

आणि येथेच एक विसंगती उत्पन्न होते. शाळांना सुटी असते एप्रिल-मे महिन्यांत. म्हणजे माणसे सर्वाधिक येतात तेव्हा पाणी सर्वांत खाली गेलेले असते. कमी पाणी म्हणजे कमी धोका, असे मनात येते. परंतु वस्तुस्थिती उलट असते. भरलेल्या जलाशयाचा काठ हा पूर्वीचा डोंगरउतार असतो. उतरलेल्या जलाशयाचा काठ हा जुन्या नदीपात्राच्या जवळ आलेला असतो, आणि दोन पावलांत घोट्याएवढ्या पाण्यातून डोक्यावर पाणी जाऊ शकते. मे २०२२ मध्ये भोर तालुक्यात भाटघरच्या फुगवट्यात पाच स्त्रिया बुडून मृत्यू पावल्या. नौका नव्हती, पूर नव्हता. होता तो केवळ उन्हाळ्यातला शांत काठ.

५. 'धरण' या शब्दाचा अर्थविस्तार

आता शब्दांकडे येऊ. 'धरण' हा शब्द 'धरणे' या क्रियेवरून आलेला. जे पाणी धरून ठेवते ते धरण. अभियंत्याच्या भाषेत धरण म्हणजे केवळ बांध किंवा भिंत. परंतु आजच्या बोलण्यात या शब्दाचे तीन प्रयोग नित्य आढळतात. 'धरणाला तडा गेला' यात भिंत अभिप्रेत आहे. 'धरण भरले' किंवा 'धरणात पोहलो' यात पाणी. आणि 'रविवारी धरणावर गेलो' यात सहलीचे स्थळ. आपल्या साहित्यशास्त्रात यास लक्षणा म्हणतात. आधाराच्या नावाने आधेयाचा बोध होतो. भाषेच्या दृष्टीने हा विस्तार स्वाभाविक आहे, आणि त्यात अशुद्ध असे काही नाही. तथापि या विस्तारात एक अर्थ गळून पडतो. 'धरणे' या क्रियेला कर्ता असतो आणि हेतू असतो : कोणी तरी, कोणासाठी तरी, पाणी धरून ठेवले आहे व वेळ येताच ते सोडणार आहे. सहलीच्या 'धरणा'त हा कर्ता उरत नाही. उरतो तो निसर्गाने दिलेला एक देखावा.

जलाशयांना दिलेल्या नावांनीही याच दिशेने काम केले आहे. पानशेतचा जलाशय तानाजीसागर, भाटघरचा येसाजी कंक जलाशय, वरसगावचा वीर बाजी पासलकर जलाशय. यांतील विशेषनामे उचित आहेत. पासलकर मोसे खोऱ्याचे देशमुख होते आणि कंकांचे भुतोंडे गाव भोर तालुक्यातलेच. परंतु 'सागर' हे उत्तरपद पाहा. महाराष्ट्रात शिवसागर, नाथसागर, यशवंतसागर अशी त्याची मालिकाच झाली आहे. सागर आटत नाही, सागराला आवर्तन नसते. मे महिन्यात वेळवंड खोऱ्यात कांबरेश्वराचे जुने मंदिर पाण्यातून वर येते, तेव्हा कोणत्याही सागराच्या बाबतीत असे घडत नाही, याची आठवण व्हावयास हरकत नाही.

याउलट, खोऱ्यातील आणि पाटबंधारे खात्यातील शब्द वस्तुस्थिती नेमकी सांगतात. 'फुगवटा' हा शब्द घ्या. भिंतीने अडविलेले पाणी नदीच्या मागच्या अंगास जेथवर चढते तो फुगवटा. शब्दातच सांगितले आहे की हे पाणी फुगलेले आहे आणि ओसरणार आहे. 'सांडवा' हा 'सांडणे' यापासून आला. भांडे भरले म्हणजे जे सांडते त्याची वाट. 'बुडीत क्षेत्र' आणि 'लाभक्षेत्र' ही जोडी तर एका संपूर्ण व्यवहाराचा इतिहास आहे : एकाची जमीन बुडते तेव्हा दुसऱ्याची भिजते. वेल्ह्यातील बुडीत गावांच्या अनेक कुटुंबांना दौंडसारख्या लाभक्षेत्रातील तालुक्यांत नव्याने वसावे लागले. 'गाळपेर' म्हणजे पाणी उतरल्यावर उघड्या पडलेल्या गाळाच्या जमिनीत केलेले पीक; ते घेणाऱ्याला पातळीचे वेळापत्रक तोंडपाठ असावे लागते, कारण पाणी परत येणार हे त्याला ठाऊक असते.

'विसर्ग' या शब्दाची कथा आमच्या विभागाच्या विद्यार्थ्यांना विशेष रंजक वाटेल. व्याकरणात विसर्ग म्हणजे अक्षरापुढील दोन टिंबांनी दाखविला जाणारा श्वासरूप उच्चार. आज दर पावसाळ्यात वृत्तपत्रांतून हा शब्द येतो तो 'धरणातून इतके क्यूसेक विसर्ग' अशा स्वरूपात. १ क्यूसेक म्हणजे सेकंदाला १ घनफूट, सुमारे २८.३ लिटर पाणी. दोन्ही अर्थांच्या मुळाशी 'वि' उपसर्गासह 'सृज्' हा धातू आहे : सोडणे, मोकळे करणे. एकात श्वास सोडला जातो, दुसऱ्यात पाणी. परंतु नदीकाठी होडीजवळ उभ्या असलेल्या माणसाला '१०,००० क्यूसेक विसर्ग' या शब्दांतून काय कळावे? 'सेकंदाला पावणेतीन लाखांहून अधिक लिटर पाणी सोडले आहे, नदीत उतरू नका' असे म्हटले तर ते तत्काळ कळेल. पारिभाषिक शब्द अचूक असला तरी सूचनेचे काम करतोच असे नाही.

६. निष्कर्ष

वरील विवेचनाचा सारांश असा. बांधीव जलोद्यान आणि जलाशयावरील जलक्रीडा या दोहोंचे उद्दिष्ट एक असले, तरी त्यांच्या पाण्याचा स्वामी एक नाही. पहिल्यात पाणी खेळासाठी आहे. दुसऱ्यात खेळ हा दुसऱ्याच्या पाण्यावरचा पाहुणा आहे. पानशेतच्या पाण्यावर पहिला हक्क तहानेचा, मग शेतीचा. त्यांच्या गरजेप्रमाणे पातळी चढणार-उतरणार, आणि नौकाकेंद्राने आपले धक्के, वाटा व वेळा त्याप्रमाणे बदलावयाच्या. अशा ठिकाणी येणाऱ्याने बांधीव उद्यानातील सवयी बरोबर आणल्या तर तो खोलीची खूण भिंतीवर शोधील, आणि तेथे भिंत नसेल.

यावरून एक व्यावहारिक सूचना करावीशी वाटते. भोर-वेल्ह्यातील जलाशयांच्या काठी जे फलक लावले जातात, त्यांवर केवळ 'पोहण्यास सक्त मनाई' एवढेच लिहिणे पुरेसे नाही. मनाईचे कारण वाचणाऱ्याला कळले पाहिजे, आणि ते कळविण्याचे शब्द या खोऱ्यांतच तयार आहेत. 'हा फुगवटा आहे. पाणी आज उतरते आहे. पुढे जुने नदीपात्र असून काठ गाळाचा आहे.' एवढी तीन वाक्ये, आणि शेजारी त्या आठवड्याची पातळी दाखविणारी पट्टी. काठावर उतरणाऱ्या माणसाला गाळपेर करणाऱ्या शेतकऱ्याइतके जरी पाण्याचे वेळापत्रक समजले, तरी पुष्कळ अनर्थ टळतील. परिभाषा घडविण्याचे काम विद्यापीठांनी बरेच केले. ती काठावरच्या माणसापर्यंत पोचते की नाही, हे पाहण्याचे काम अजून करावयाचे आहे.